दुसरं ताट

“त्या बाईला उलटे पाय कशाला दिलेस?” अक्कांनी विचारलं.

उद्धव साखळकरच्या कपाळाला आठी पडली. कथा अजून पिशवीतच होती. त्यानं नुसतं चार वाक्यांत कथानक सांगितलं होतं, तर अक्कांनी लगेच पायच धरले.

“भुताचे पाय उलटेच असतात, अक्का.”

“तू पाहिलेस?”

“पाहायचं काय त्यात? वाचणाऱ्याला ठाऊक असतं.”

“ठाऊक आहे, तर घाबरेल कशाला...” असं म्हणून अक्का पुन्हा सुपातले हिरडे निवडायला लागल्या.

दुर्गाक्का नेवाळकर वैद्यांच्या घरातल्या. वय ब्याऐंशी. अजूनही सकाळी पडवीत बसून रोग्यांच्या नाड्या बघायच्या. तरुणपणी त्यांनी एकोणीस भयकथा लिहिल्या. एकही सहा पानांच्या पुढे गेली नाही. पण वाचलेला माणूस भर दुपारीसुद्धा माडीवर एकटा जायला नको म्हणायचा. मग एके दिवशी त्यांनी लिहिणं थांबवलं आणि शिकवायला सुरुवात केली. का थांबवलं, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

आता त्यांच्या शिष्यांच्या पाच कथांचा एक संग्रह निघणार होता. निवड अक्कांची. चार ठरल्या होत्या. प्रकाशकाचा माणूस उद्या यायचा होता.

पाचवी कथा आपलीच, याबद्दल उद्धवच्या मनात तिळभर शंका नव्हती. शंका नव्हती म्हणून त्यानं तसं गेल्या रविवारी वाचनालयातल्या सत्कारात सांगूनही टाकलं होतं. शाल अंगावर, नारळ हातात आणि समोर माइक. माणूस अशा वेळी थोडाच गप्प बसतो? टाळ्या कडाडल्या होत्या. आता अक्का नाही म्हणाल्या, तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

पण नाही म्हणतीलच कशाला? सात कथासंग्रह नावावर. दिवाळी आली की संपादकांचे फोन. एका वाचकानं तर पत्र पाठवलं होतं, तुमचं पुस्तक घरात ठेवायला बायको तयार नाही. ते पत्र उद्धवनं फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. बायकोनं त्यावर एवढंच म्हटलं होतं, की फ्रेम जरा तिरकी आहे.

“वाच,” अक्का म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांना आता अक्षर लागत नाही. उजवा हात इकडे दे.”

“हात?”

“ऐकायची माझी हीच रीत आहे. मनगट दे.”

उद्धव हसला. “अक्का, उलट करू या. मी तुमची नाडी धरतो. कथा चालू झाली की पळेल ती तुमची. माझी कशाला पळेल? मी सात रात्री स्मशानात काढल्यात, नुसता अभ्यास म्हणून. घाबरणं माझ्या स्वभावातच नाही. मी घाबरवतो.”

“बरं,” अक्का म्हणाल्या आणि हात पुढे करून थांबल्या.

त्यानं मनगट दिलं. अक्कांनी तीन बोटं ठेवली. बोटांना हिरड्याचा तुरट वास होता.

डाव्या हातानं पानं उलटत उद्धव वाचू लागला.

कथेचं नाव ‘सात नंबरचा बंगला’. जयवंत नावाचा जंगलखात्याचा अधिकारी घाटमाथ्यावरच्या जुन्या बंगल्यात मुक्कामाला येतो. धुकं पडलेलं. बंगल्यात एक म्हातारा खानसामा, एक बंद खोली, गोऱ्या साहेबाच्या मेलेल्या बायकोची तसबीर. मग दार करकरतं, कंदील विझतो, वटवाघूळ येतं. अकराव्या पानावर बाई स्वतः येते. त्यानंतरची तेरा पानं नुसता हलकल्लोळ.

आणि उद्धव वाचायचाही झकास, हे कबूल करायलाच हवं. बाईच्या किंकाळीला त्यानं असा काही सूर लावला, की औषध न्यायला आलेली कुंभारवाड्यातली सरूबाई पायरीवरूनच माघारी फिरली. उद्धवनं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलं. त्याची छाती चांगली बोटभर फुगली.

चोवीस पानं संपली. त्यानं कागद मांडीवर ठेवले.

“घाम किती वेळा फुटला रे तुझ्या जयवंतला?” अक्कांनी विचारलं.

“मोजला नाही.”

“सारखाच फुटत होता. असा रोगी माझ्याकडे आला असता, तर आधी सुंठ उगाळून दिली असती.”

उद्धवच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तो हसण्यावारी नेत म्हणाला, “वाचणाऱ्यालाही फुटतो, अक्का. आत्ता पायरीवरून ती बाई पळाली, पाहिलीत ना?”

“पाहिली. तिला मांजर ओरडलं तरी पळायची सवय आहे.” अक्कांनी बोटं उचलली नव्हती. “तुझी नाडी मात्र छान चालली होती. कथेतली बाई आली, तेव्हा संथ. तिनं गळा धरला, तेव्हा तर आणखी संथ. जेवून वामकुक्षी घेणाऱ्या माणसासारखी.”

“सांगितलं होतं मी.”

“एकदा पळाली.”

“कुठे?” उद्धवनं विचारलं. “शेवटी? आरशात तिचं तोंड दिसतं तिथे?”

“दुसऱ्या पानावर.”

“दुसऱ्या पानावर काही नाहीये, अक्का. तिथे तो नुसता पोचतो. हातपाय धुतो.”

“वाच परत.”

उद्धवनं कागद चाळले. अशा फालतू जागी अडवल्याचा त्याला राग आला होता, आणि तो राग आवाजात आणून त्यानं भराभर वाचायला घेतलं. जयवंत पोचला. सामान ठेवलं. हातपाय धुतले.

“‘खानसाम्यानं दोन ताटं मांडली होती. दुसरं ताट कुणाचं, हे जयवंतनं विचारलं नाही.’”

अक्कांची बोटं किंचित घट्ट झाली.

“इथे,” त्या म्हणाल्या.

“हे? हे भरतीचं वाक्य आहे. मी तर काढूनच टाकणार होतो.”

“परत वाच.”

“‘खानसाम्यानं दोन ताटं...’”

पुढचे शब्द कागदावर होते. डोळ्यांना दिसतही होते. पण ते वाचवेनात. सात रात्री स्मशानात काढलेला माणूस भर सकाळी, साडेदहाच्या उन्हात, स्वतःच्याच वाक्यापाशी अडकून बसला. त्याला स्वतःची लाज वाटली.

डाव्या हातानं एक किडका हिरडा उचलून अक्कांनी बाजूला टाकला.

“कुणाच्या घरी पाहिलंस हे?” त्यांनी विचारलं.

उद्धवनं कागद मांडीवर पालथे घातले.

“उद्धव.”

“दादांकडे,” तो म्हणाला. “माझ्या वडिलांकडे.”

मग तो सांगू लागला. त्यात सूर नव्हता, चढउतार नव्हता.

“आई गेली त्याला चार वर्षं झाली. दादा गावी एकटेच असतात. मास्तर होते, सगळं स्वतःच्या हातानं करायची सवय. वर्षश्राद्धानंतर एकदा मी गेलो होतो. दुपारी जेवायला बसलो. दादांनी तीन ताटं घेतली. मी म्हटलं, कुणी यायचंय का? असं म्हणणार होतो... म्हटलं नाही. त्यांनी तिसऱ्या ताटात सगळं नीट वाढलं. आईला लसूण चालायचा नाही, तर बिनलसणीची चटणी वेगळी केली होती. मीठ वाढलं. पाण्याचा तांब्या ठेवला. मग आम्ही दोघं जेवलो. पावसाबद्दल बोललो.”

“मग?”

“मी हात धुवायला मागच्या दारी गेलो. परत आलो, तर...” तो थांबला. “ते ताट रिकामं होतं, अक्का. पुसून घ्यावं तसं.”

पडवीत ऊन थोडं पुढे सरकलं होतं.

“दादांनी खाल्लं असेल,” अक्का म्हणाल्या.

“त्यांना अर्धी भाकरीसुद्धा जात नाही हल्ली.”

“मांजर आलं असेल.”

“आमच्याकडे मांजर नाही.”

“मग विचारलंस का त्यांना?”

“नाही.”

“का?”

उद्धवनं मनगट सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. बोटं हलकी होती, तरी सुटेनात.

“काय विचारू?” तो म्हणाला. “ते म्हणाले असते, मीच खाल्लं, तर त्यांचं डोकं ठिकाणावर नाही असं झालं. म्हणाले असते, मी नाही खाल्लं... तर? मला दोन्ही उत्तरं नको होती. मला भीती वाटली, अक्का. अशी भीती मला कधी वाटली नव्हती. तीन वर्षं झाली, त्या घरात मी जेवलो नाही. गावाला जातो, दादांना स्टँडवरच बोलावतो, औषधं देतो, हॉटेलात चहा पाजतो आणि त्याच गाडीनं परत येतो. ते दर वेळी म्हणतात, जेवून जा. मी म्हणतो, सभा आहे.”

हे सगळं आपण बोललो, यावर त्याचा विश्वास बसेना. बायकोलाही त्यानं हे सांगितलं नव्हतं.

अक्कांनी आता बोटं उचलली. मनगटावर तीन पुसट डाग राहिले होते.

“मी एकोणीस कथा लिहिल्या,” त्या म्हणाल्या. “लोकांनी डोक्यावर घेतल्या. मीही काही कमी मिरवलं नाही. पण तुझ्या दुसऱ्या पानावर आहे, तसं एक वाक्य माझ्या एकोणीस कथांत नाही.”

एवढं कौतुक अक्कांनी आजवर कुणाचं केलेलं नव्हतं. सत्काराच्या शालीपेक्षा, फ्रेममधल्या पत्रापेक्षा ते मोठं होतं, आणि उद्धवला ते लगेच कळलं. तशाही अवस्थेत त्याची मान आपसूक ताठ झाली. स्वभाव म्हणतात तो हाच.

“म्हणजे पाचवी कथा...” त्यानं विचारलं.

“ती बाई अकराव्या पानावर येते ना?”

“हो.”

“कशाला येते?”

उद्धव उत्तर द्यायला गेला. गळा धरायला, सूड घ्यायला, आरशात दिसायला, अशी कितीतरी उत्तरं तयार होती. सात संग्रहांत ती सगळी वापरून झाली होती. त्यातलं एकही त्याला आता सांगवेना. त्यानं पहिली दोन पानं वेगळी काढून खिशात ठेवली आणि उरलेली बावीस पडवीत अक्कांच्या बंबाशेजारी, जळणाच्या ढिगावर नेऊन ठेवली. ठेवताना हात जरा रेंगाळला, कारण किंकाळीचा भाग खरंच चांगला जमला होता.

“उद्या तो माणूस आला की त्याला चार कथा देईन,” अक्का म्हणाल्या. “पाचवीसाठी थांब म्हणेन.”

“किती दिवस?”

“मी आहे तोवर.”

त्यानं वाकून नमस्कार केला आणि चपला घातल्या. नाक्यावरून साडेअकराची गाडी मिळाली, तर तो दीडपर्यंत गावी पोचला असता. दादा दीडलाच जेवायला बसतात. एवढं मनात आलं आणि पाय पायरीवरून उतरेनात.

वाचनालयातल्या लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न सकाळी केवढा मोठा वाटला होता. आता तो आठवलाही नाही.

“अक्का...”

त्यांनी मान वर केली नाही.

“म्हणजे ताटाचं... विचारायचं म्हणता?”

अक्कांनी सूप झटकलं. फोलपटं उडून अंगणात पडली.

“घरी विचार,” त्या म्हणाल्या. “कथेत विचारू नकोस.”