तांब्याचा हत्ती आणि राणीचा ताप

एका राज्यात माणसे राहत डोंगरमाथ्यावर आणि पाणी राही खोल दरीतल्या तळ्यात. पाणी वर चढवायला तळ्याकाठी तांब्याचा हत्ती होता. त्याच्या पोटात जाळ पेटे, वाफ कोंडे, वाफेने पाय उचलला जाई. मग तळ्याचे गार पाणी आत खेळे, वाफ निवे, पाय खाली येई आणि पाण्याचा लोट डोंगर चढे.

पण जाळासाठी रान तुटत चालले होते. रानाची दया येऊन राणी चंद्रसेनेने ताम्राक्ष यक्षाकडून अग्निमणी मागून आणला. मणी कधी विझत नसे. त्याला शाप मात्र होता : त्याची जी ऊब कामी लागणार नाही, ती बाळगणाऱ्याच्या अंगात शिरेल.

मणी हत्तीच्या पोटात ठेवला आणि राणी तापाने फणफणली.

यंत्रकार सुदक्षिण तिच्या उशाशी आला. "महाराणी, हत्ती थांबवतो."

"लोक काय पितील?" राणी म्हणाली. "थांबवू नकोस. ऊब वाचव."

सुदक्षिणाने हत्तीवर लोकरीच्या जाड झुली चढवल्या. ताप थोडा उतरला. मग त्याने सांधे घासून गुळगुळीत केले, तेल सोडले. ताप आणखी उतरला, पण गेला नाही. उरलेली ऊब तळ्यात जात होती. तेव्हा त्याने तळ्याचे पाणी आत येण्याची वाट बंद केली.

हत्तीने पाय उचलला. तो तसाच वर राहिला. डोंगरावर हंडे कोरडे पडले आणि राणीचा ताप पुन्हा चढला.

सुदक्षिण काठावर डोके धरून बसला. फांदीवरचा खंड्या पक्षी म्हणाला, "वाफ निवल्याशिवाय पाय खाली कसा येईल?"

"जोराने दाबीन."

"उचलताना मिळालेले सगळे बळ दाबण्यात जाईल. पाण्यासाठी काय उरेल?"

सुदक्षिणाने दाबून पाहिले. पक्षी खरे बोलला होता.

मग तो यक्षाच्या गुहेत गेला. तिथे तांब्याचे घोडे, बैल, मोर उभे होते. प्रत्येकाचा एक पाय वर.

"सगळी ऊब कामी लावणे जमले?" यक्षाने विचारले.

"नाही. कोणालाच जमणार नाही. पुन्हा पाऊल टाकायचे तर थोडी ऊब गारव्याला द्यावीच लागते. ती कमी करता येते, पुरती टाळता येत नाही. पण ती दिली म्हणूनच पाय परततो, यक्षराज."

यक्षाने जवळच्या घोड्याच्या उचललेल्या पायावरून हात फिरवला. "मी जन्मभर हेच करत बसलो," तो म्हणाला. "वाटायचे, माझ्याच हातांत काही उणे आहे. म्हणून मण्याला शाप घातला, त्याच्या धाकाने तरी कोणी करून दाखवील."

सुदक्षिण त्याच्याजवळ बसला. "या घोड्याचे सांधे मला असे साधले नसते."

यक्षाचे डोळे भरून आले. "मग तळ्याला दिलेली ऊबही कामीच लागली," तो म्हणाला, आणि शाप सुटला.

सुदक्षिणाने तळ्याची वाट उघडली. हत्तीचा पाय खाली आला, पाणी डोंगर चढू लागले. राणी उठून बसली आणि तिने घोटभर पाणी मागितले.

तळ्याचा तो काठ पुढे सदा कोमट राहिला. थंडीच्या दिवसांत म्हातारी माणसे तिथे गुडघे शेकत बसत, आणि त्यांच्यात एक यक्षही बसलेला असे.