मार्शलचा खरारा

"ओदिलच्या एतिएनला मानाच्या दंडाऐवजी घोड्याचा खरारा दिला, आणि राजेसाहेबांनी..." विहिरीवर एवढंच कानी पडलं. सांगणारी घागर उचलून गेली ती गेलीच. मला कुठलं राहवायला! तडक शेजारी ओदिलकडे गेले. तिचा नवरा राजाच्या पागेत घोड्यांचं अंग खराऱ्याने घासणारा मोतद्दार होता. मुलगा लढाया जिंकून सेनापती झाला, आणि आज त्याला फ्रान्सचा मार्शल करणार होते. सैन्यात त्याहून मोठा मान नाही; त्याची खूण म्हणून राजा हाती एक छोटा दंड देतो.

बातमी ऐकून ती दारातच बसली. तेवढ्यात एतिएन आला.

"घालवलं का रे तुला?"

"व्हालरोशच्या उमरावांनी तबकात खरारा ठेवला, आई. म्हणाले, 'घ्या, तुमच्या घराण्याला हाच शोभतो.' सगळा दरबार हसला."

"आणि तू?"

"मी तो कपाळाला लावला. म्हटलं, 'महाराज, आपल्या पूर्वजांचे पहिले मार्शल घोडेच सांभाळत. रणात राजाचा जीव घोड्यावर, म्हणून घोडा राखणाऱ्यावर राजाचा भरवसा. दंड मागाहून आला. उमरावांनी मला मूळचा मान दिला, उरलेला आपण द्यावा.'"

"मग राजेसाहेब?" मीच मध्ये विचारलं.

"म्हणाले, 'उमराव, दंडही तुम्हीच आणा. जरा वाकून द्या.'"

एतिएनने झग्यातून दंड काढला. निळी मखमल, वर सोन्याची फुलं! माझे हात आपसूक जोडले गेले.

विहिरीवरची बातमी अर्धीच खरी होती. खरारा दिला होता, पण दंडाऐवजी नव्हे, दंडाच्या आधी.