ठकूबाईची पोवळी

फार पूर्वी, एका डोंगराच्या उघड्या माथ्यावर ठकूबाई एकटीच राहत असे. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. सोबतीला होती फक्त पोवळी नावाची तांबूस गाय. ठकूबाई भाकरी थापता थापता तिच्याशी बोलायची आणि पोवळी दारातून मान आत घालून ऐकत राहायची.

पोवळी वयात येऊन तीन वर्षं झाली, पण तिला वासरू झालं नाही. एकदा गाभण राहिली, तर भर उन्हाळ्यात गाभ पडला. गावातली माणसं म्हणू लागली, "वांझ आहे ती. बाजार दाखव तिला."

वांझ हा शब्द ठकूबाईने स्वतःबद्दल पुष्कळदा ऐकला होता. तिने पोवळीला विकलं नाही.

एके दुपारी दरीत गुरं राखणारा म्हातारा नागू पाणी प्यायला तिच्या दारी आला. त्याने गोठ्यात पाहिलं. खालचा कातळ तव्यासारखा तापला होता. पोवळी तोंड उघडं टाकून धापा टाकत होती.

"ठकूबाई, गाईत खोट नाही," नागू म्हणाला. "अशा उन्हात गाभ धरत नाही आणि धरला तरी टिकत नाही. हिला माझ्या कळपात सोडा. खाली झरा आहे, गर्द सावली आहे, ओला चारा आहे. पण व्याईपर्यंत वर आणायची नाही."

"म्हणजे वर्षभर? मग मी कोणाशी बोलू, नागूदादा?"

नागूने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. तो निघून गेला.

दोन दिवस ठकूबाईचं मन होईना. तिसऱ्या दिवशी उन्हाने पोवळी खाली बसली, ती उठेचना. तिच्या अंगावर पाणी ओतताना ठकूबाईला रडू फुटलं. "माझ्या सोबतीसाठी तुला होरपळत ठेवलं गं," ती म्हणाली.

ऊन उतरल्यावर ती पोवळीला घेऊन दरीत गेली आणि दावं नागूच्या हाती दिलं. पोवळी हंबरली. ठकूबाईने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला परत घेऊन आली असती.

ते वर्ष फार लांबलं. पोवळी दिसली की तिला वर आणल्यावाचून राहवणार नाही, म्हणून ठकूबाई दरीत गेलीच नाही. पावसाळ्यात धुकं दाराशी येऊन बसे. कितीतरी दिवस ठकूबाईच्या तोंडून शब्द निघत नसे.

फाल्गुनात दरीतून नागूची हाक आली, "ठकूबाई, पोवळी व्याली हो!"

ती धावतच खाली गेली. सावलीत ओलं वासरू धडपडत उभं राहत होतं. पोवळीने ठकूबाईचा हात हुंगला, चाटला आणि पुन्हा वासराकडे तोंड वळवलं.

"आता न्या घरी दोघांना," नागू म्हणाला.

ठकूबाईने वासराच्या पाठीवरून हात फिरवला. "नको. पुढे चैत्र आहे. इथेच राहू देत. मीच येत जाईन रोज."

सूर्य कलला तेव्हा ती एकटीच चढ चढू लागली. पण उद्या खाली यायचं होतं, म्हणून पाय जड नव्हते.

तात्पर्य: जीव लावावा, तशी जिवाला मानवेल अशी जागाही द्यावी. नाहीतर दोष जागेचा असतो आणि बोल जिवाला लागतो.