पापडाचा मान

स्वयंपाकघरातले पदार्थ माणसांशी बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. अंबूताईंकडे नवे जावई पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. वरणभात शिजला, तरी ताटात डाव्या बाजूला काय वाढावं ते ठरेना.

"मी आहेच," लोणचं बरणीतून म्हणालं. "मलाही घ्या," काकडीची कोशिंबीर लाजत म्हणाली.

नुकताच तळलेला पापड मात्र फुरंगटून बसला होता. त्याला नेहमी सगळ्यांच्या शेवटी वाढत. "एवढा मी कुरकुरीत, आणि माझा नंबर शेवटचा? आज मी आधी, नाहीतर येणारच नाही!"

"अहो पापडराव," कोशिंबीर हळूच म्हणाली, "मला मीठ लागलं की पाणी सुटतं. तुम्ही आपले मागाहून या."

"जळतेस माझ्यावर!" पापड म्हणाला.

अंबूताईंनी हात टेकले आणि त्याला सगळ्यांच्या आधी ताटात बसवलं. शेजारी कोशिंबीर आली. जावयांना मात्र उशीर झाला, आणि आल्यावरही ख्यालीखुशाली संपेना. इकडे पापडाला बुडाशी गारगार वाटू लागलं. मानाच्या जागेवर असंच वाटत असेल, म्हणून तो गप्प राहिला.

अखेर जावई पानावर बसले. त्यांनी पापड मोडायला घेतला, तर तो ओल्या फडक्यासारखा बोटांवर लोंबला. अंबूताईंचा जीव खालीवर झाला. पण जावई भले गृहस्थ. त्यांनी त्याची नीट घडी केली, वरणात बुडवली आणि म्हणाले, "आई, धिरडं मात्र झकास झालंय हं!"