आत जाऊन आलेला नकार

देवखिंडीच्या पाणीपुरवठ्याचे पंप संगणकावर चालू लागले आणि मुख्य अभियंता घारपुरेसाहेबांची छाती फुगली. नेटवर्कच्या वेशीवर त्यांनी महागडी फायरवॉल बसवली होती. सुरक्षा तपासायला आलेल्या मुमताज तांबोळीला ते भर बैठकीत म्हणाले, "बाई, खुशाल दारं ठोठावा. आत काय आहे ते कळलं, तर तुम्ही सांगाल ते करीन. नाही कळलं, तर ही तपासणी बंद!"

मुमताजने लॅपटॉपवरून नेटवर्कचं एकेक दार ठोठावलं. प्रत्येक दारातून नकार आला. साहेब खो खो हसले.

"एक नकार मात्र उशिरा आला," ती म्हणाली, "आणि त्याची धाटणीही निराळी आहे. तिथला निरोप फायरवॉल ओलांडून आतल्या एका जुन्या संगणकापर्यंत जातोय. उद्या कोणी तिथे शिरलं, तर गावाचं पाणी तोडेल."

"नकार तो नकार! त्यावरून आतलं कसं कळणार?"

"साहेब, सकाळी मी तुम्हाला भेटायला आले. गेटवरचा पहारेकरी मान वर न करता म्हणाला, 'साहेब नाहीत.' केबिनबाहेरचे शिपाई तुळशीराम 'थांबा हं' म्हणून आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, 'साहेब नाहीत.' मी तिथेच बाकावर बसून राहिले. साहेब नाहीत, हे ते आत कोणाला विचारून आले?"

बैठकीत हशा पिकला. शेवटी साहेबही हसले. त्याच दुपारी त्यांनी जुना संगणक नेटवर्कवरून काढायला लावला आणि तुळशीरामला बोलावून सांगितलं, "उद्यापासून कोणी आलं, तर 'साहेब आहेत' म्हणत जा. नाहीतरी लोकांना कळतंच."