धुरावरचा तांबडा शिक्का

हानशी गावात डोंगराची शाईचित्रं विकणारी जुनी दुकानं आहेत. चित्रावरचा तांबडा शिक्का एरवी कोपऱ्यात असतो; इथे मात्र तो ऐन मधोमध, धुक्यासाठी कोऱ्या सोडलेल्या कागदावर उमटवलेला दिसतो. पाहुण्यांना ती चूक वाटते. मग कागदाचे व्यापारी कुओ आजोबा त्यांना बाकावर बसवतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी दरबारची नोकरी सोडून शेन मो नावाचा चित्रकार इथे राहायला आला. दिसलं नाही ते काढायचं नाही आणि दिसलं ते गाळायचं नाही, असा त्याचा नेम होता म्हणे.

त्या काळी कालवा खणायला तरुणांना धरून नेत. गेलेला परत येत नसे. म्हणून हानशीचे तरुण डोंगराआडच्या खोऱ्यात लपले होते. शेन मोची बायको आ-लान हिचा धाकटा भाऊही त्यांच्यात होता. प्रांताच्या अधिकाऱ्याला संशय आला. त्याने शेन मोला डोंगराचं चित्र काढायचा हुकूम दिला; वाट, पूल, झोपडी, काही सुटता कामा नये.

शेन मोला अन्न गोड लागेना. खोटं काढलं तर नेम मोडणार, खरं काढलं तर मेहुणा जाणार. शेवटी आ-लान म्हणाली, "अहो, एवढे शिकलात आणि साधं सुचत नाही? धुकं उतरेल तेव्हा बसा चित्राला. वाट तुम्हालाच दिसली नाही, तर काढणार कशी?"

तो धुक्याच्या सकाळी बसला. शिखरं काढली, कड्यावरचे पाइन काढले. वाट, पूल, सगळं खोरं कोऱ्या कागदात बुडालं. पण धुक्यातून धुराची एक बारीक रेघ वर येताना त्याला दिसली, आणि दिसली म्हणून त्याने ती काढली. आ-लानने पाहिलं तोवर शाई वाळली होती. "माझ्या भावाची चूल दाखवलीत," एवढंच ती बोलली, असं सांगतात. शिपाई दाराशी आलेच होते. ते चित्रासकट त्याला घेऊन गेले.

अधिकारी स्वतःही हातात कुंचला धरणारा. त्याची नजर बराच वेळ त्या रेघेवर थांबली. मग त्याने हळूच विचारलं, "हा शाईचा ओघळ आहे ना?"

"नाही," शेन मो म्हणाला. "धूर आहे. मी पाहिला."

अधिकाऱ्याने त्या रेघेवर बोट टेकवलं. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "कुणाचा तरी सकाळचा भात शिजतोय."

तेवढ्यात तरुणांना धरायला आलेला सेनापती वाट शोधायला चित्रावर वाकू लागला. अधिकाऱ्याने आपला मोठा शिक्का तांबड्या रंगात दाबला आणि धुराच्या रेघेवर उमटवला. सेनापतीला म्हणाला, "पाहा हवं तर. नुसतं धुकं आहे."

त्यानंतर खोऱ्याकडे कुणी फिरकलं नाही.

आजही हानशीचे चित्रकार डोंगर पुरा झाला की कोऱ्या धुक्यात धुराची एक फिकट रेघ काढतात, ती वाळू देतात, आणि मग शिक्क्याखाली झाकून टाकतात.