कारभाऱ्यांची पगडी

भैरवगडचे कारभारी विसाजीपंत महासंशयी. महाराजांच्या पानातलं मीठसुद्धा आधी स्वतः चाटून बघायचे.

एकदा महाराजांची तसबीर काढायला स्पेनचा चित्रकार आला. सोबत दुभाष्या होता, फोंड्याचा पुरसो केंकरे. चित्रकारानं नजराण्याचा मखमली झगा पुढे धरला नि एवढंच म्हणाला, "पोंगासेलो."

पुरसोनं सांगितलं, "महाराज, हा झगा आपण अंगावर चढवावा, अशी यांची विनंती आहे."

"थांबा!" पंत कडाडले. "तो बोलला एक शब्द, याच्या तोंडून निघालं अख्खं वाक्य! बाकीचं आलं कुठून? झग्याला विष असणार नि हा त्याला सामील! घाला बेडीत!"

महाराजांनाही शंका आली. शिपाई पुढे सरसावले.

पुरसोनं हात जोडले. "बेडी खुशाल घाला. त्याआधी मलाही एकच शब्द बोलू द्या."

महाराजांनी मान हलवली. पुरसोनं पंतांच्या पगडीकडे बोट केलं नि चित्रकाराला म्हणाला, "कितेसेलो."

पगडीचा मान त्या परदेशी माणसाला काय ठाऊक! तो सरळ गेला नि पंतांच्या डोक्यावरून पगडी अलगद उतरवून घेतली.

"महाराज," पुरसो म्हणाला, "कुणी काढायची नि कुणाची काढायची, हे त्यांना त्या एका शब्दातच कळलं. मी पदरचं काय घातलं, ते पंतांनी आता मोकळ्या डोक्यानं सांगावं."

महाराज खदखदून हसले नि त्यांनी झगा चढवला.

ती तसबीर पुढे दरबारात लागली. तिच्यात महाराजांच्या मागे पंत उभे आहेत, दोन्ही हातांनी पगडी घट्ट धरून.